मतदान पाच मिनिटांचं, तयारी दीडशे वर्षांची

सकाळी साडेसहाला चाकण पट्ट्यातल्या निघोज्याच्या रस्त्यावर उभं राहा. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात वडापावचा कागद, आणि पहिली पाळी गाठायची घाई. या गर्दीत नांदेडचे, लातूरचे, बीडचे, यवतमाळचे, बिहारचे, ओडिशाचे असे सगळे असतात. चौघांत एक खोली आणि भाडं वाटून. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, "तुझं मतदान कुठं?" दहातले आठ सांगतील, "गावाकडं."

म्हणजे राहणं इथं, पाणी इथलं, कचरा इथला, रस्त्यातला खड्डा इथला; आणि मत मात्र पाचशे-हजार किलोमीटर लांब.

मत आणि रोजचं जगणं यांची गाठ पडावी, लोकशाही रुजावी, म्हणून जगभरात कितीतरी फाउंडेशनं, ट्रस्ट, प्रतिष्ठानं राबतात. त्यांच्या गमतीजमती शोधायला मी वॉशिंग्टन-बर्लिनपासून सुरुवात केली आणि फिरून फिरून पुणे, औंध, मावळ, आंबेठाण असं करत पुन्हा इंद्रायणीकाठी येऊन पोचलो. ऐका तर.

(आधी एक खुलासा, कारण घोटाळा नेहमी होतो. रांजणखळग्यांचं ते निघोज, तालुका पारनेर, कुकडी नदीवर. आपलं हे निघोजे, तालुका खेड, देहू आणि आळंदीच्या मधे. पण पारनेरच्या निघोजलाही या लेखात जागा आहे. दारूबंदीसाठी तिथल्या बायका मतदानाला उतरल्या होत्या. अशा मतदानाची अट माहीत आहे? आलेल्या मतांच्या निम्मी मतं मिळून चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, पडावी लागतात. जी घरी बसली, तिचं मत जणू उभ्या बाटलीला गेलं.)

पन्नास सह्या आणा, मगच सभासद व्हा

२ एप्रिल १८७०. पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराचं. लोकांच्या तक्रारी होत्या, पण प्रश्न असा आला की लोकांच्या वतीने बोलायचं कुणी? इंग्रज साहेब विचारणार, "तुम्हाला कुणी नेमलं?"

त्यावर गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. सभासद व्हायचंय? मग किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र घेऊन या. वर्गणी नुसती भरून भागायचं नाही. मागे पन्नास माणसं उभी पाहिजेत. अशा ९५ सभासदांनी सभा सुरू झाली आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून पंधरा वर्षं होती. देशात कुणाच्या बोटाला शाई लागायला तर ऐंशीहून जास्त. आणि पुण्यातली माणसं दारोदार फिरून, "माझ्या वतीने बोल" असं लिहून घेत होती.

बाप अध्यक्ष, मुलगा गादी सोडणारा

या सभेचे पहिले अध्यक्ष होते सातारच्या बाजूच्या औंधचे संस्थानिक श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. त्यांचे चिरंजीव भवानराव, ज्यांना आपण सूर्यनमस्कारवाले औंधचे राजे म्हणून ओळखतो, त्यांनी वडिलांच्याही पुढची मजल मारली. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी औंध संस्थानाला स्वराज्याची राज्यघटना दिली. ७२ गावांचं संस्थान. राजाने आपणहोऊन सत्ता खाली उतरवली आणि गावच्या पंचायतीपासून वर चढत जाणारा कारभार मांडला. यामागे सल्ला गांधीजींचा होता.

आणि घटनेचा आराखडा करण्यात कुणाचा हात? चाकण पट्ट्यातल्या इंजिनिअर मंडळींनी कान टवकारावेत : मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरचा! हा गृहस्थ म्हैसूर संस्थानात विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवायला आला होता. मशीनवरून उठला तो खेड्यांच्या पंचायतींकडे वळला. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली तीही त्यानेच. फ्रीडमनचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

त्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरून सुचलेला.

वकिलाची देणगी आणि बाबासाहेबांची शाळा

पुण्यातली गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. तिच्यासाठी पैसा दिला रावबहादूर रा. रा. काळे यांनी. साताऱ्याचे वकील. त्यांच्या नावाने संस्थेत व्याख्यानमाला चालते. २९ जानेवारी १९३९ रोजी या काळे व्याख्यानासाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय संघराज्याचा. औंधची घटना आली त्याच महिन्यात! एकाच महिन्यात सातारच्या बाजूला राजा सत्ता सोडतोय आणि पुण्यात बाबासाहेब संस्थानिकांना सामावून घेणाऱ्या संघराज्याची चिरफाड करताहेत, हा योग मला फार मोलाचा वाटतो. एका वकिलाच्या देणगीने केवढं व्यासपीठ उभं केलं!

बाबासाहेब पुन्हा पुण्यात बोलले २२ डिसेंबर १९५२ ला, जिल्हा विधी ग्रंथालयात. लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं, हा विषय. समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात सगळे सारखे हवेत, बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, अशा अटी त्यांनी एकेक करून मांडल्या. पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकती कुठे पार पडली होती. सगळीकडे आनंद होता आणि हा माणूस पुढची यादी वाचत होता.

आणि ही गोष्ट तर फारच थोड्यांना माहीत असते. १ जुलै १९५६ ला बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थी पंधरा. कुठलाही धंदा शिकून करायचा असतो, मग आमदारकी-खासदारकी न शिकता कशी चालेल, असा त्यामागचा सरळ हिशेब. पाचच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. शाळाही गेली. आपल्याकडे आयटीआय गावोगाव झाले. ही शाळा पुन्हा तशी उभी राहिली नाही.

मावळच्या आमदाराचा हिशेब

निघोज्यापासून इंद्रायणीच्या वरच्या अंगाला गेलं की मावळ लागतं. १९५७ ला मावळातून जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आमदार झाले. त्यांची ख्याती एका सवयीसाठी : दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवायचा. काय केलं, काय विचारलं, काय झालं नाही. पुढे ते पुण्यातून आमदार आणि ठाण्यातून खासदार झाले, पण अहवाल सुटला नाही.

१९८२ ला ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाची प्रबोधिनी सुरू झाली. भाईंदरजवळ उत्तनला तिचं केंद्र आहे. नगरसेवक, सरपंच, आमदार तिथे येऊन अर्थसंकल्प कसा वाचायचा, प्रश्न कसा मांडायचा हे शिकतात. प्रबोधिनीची वैचारिक नाळ एका बाजूची, हे उघड आहे. तशीच पुण्यातल्या एस. एम. जोशी सोशलिस्ट फाउंडेशनची दुसऱ्या बाजूची, आणि मुंबईच्या १९८५ च्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची तिसरी. माझं मत विचाराल तर नाळ कुठलीही असो, निवडून आलेल्या माणसाला शिकवणारी संस्था असणं हे गावासाठी नसण्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं.

अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था मुंबईत १९२६ साली निघाली. तिच्या वर्गांतून नगरपालिकांचे स्वच्छता निरीक्षक पिढ्यानपिढ्या तयार झालेत. लोकशाहीच्या गप्पा मारताना आपण त्यांना विसरतो. नळाला पाणी आणि गटाराला उतार नसेल तर मत कशासाठी द्यायचं?

खोगीर शिवणाऱ्याच्या तेराव्याचे पैसे

आता जरा लांब जाऊ. जर्मनीत राजकीय फाउंडेशन हा प्रकार फार जोरात. संसदेतल्या मोठ्या पक्षांच्या विचारांची एकेक संस्था, आणि बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून. त्यांतली सगळ्यात जुनी फ्रीडरिश एबर्ट यांच्या नावाची, १९२५ ची. एबर्ट हे शिंप्याचे चिरंजीव. स्वतः घोड्यांची खोगिरं शिवायचं काम शिकलेले. कामगार संघटनेतून वर आले आणि जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते वारले तेव्हा अंत्यविधीच्या वेळी लोकांनी जो निधी दिला, त्यातून फाउंडेशन उभं राहिलं. उद्देश काय? कामगारांच्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती. १९३३ ला हिटलर आला आणि नाझींनी ते बंद पाडलं. १९४७ ला पुन्हा सुरू झालं. हुकूमशहाला कशाची भीती वाटते ते पाहा : कामगाराच्या शिकलेल्या मुलाची.

चाकणमध्ये २००९ पासून मोटारी बनवणाऱ्या फोक्सवॅगनच्या नावाचंही एक फाउंडेशन जर्मनीत आहे, १९६१ चं, संशोधनाला पैसा देणारं. गंमत ही की नाव गाडीचं असलं तरी ते कंपनीचं नाही. सरकारी कंपनीचे शेअर लोकांना विकले, तेव्हाच्या पैशातून ते उभं झालं आणि कंपनीपासून स्वतंत्र राहिलं. आणि बॉश? तिथे धर्मादाय फाउंडेशनकडे कंपनीचे सुमारे ९४ टक्के शेअर आहेत, पण मतदानाचा हक्क नाही! तो वेगळ्याच विश्वस्त मंडळाकडे. पैसा एकीकडे आणि मत दुसरीकडे, असं मुद्दाम करून ठेवलेलं.

अमेरिकेत १९८३ ला लोकशाहीसाठी राष्ट्रीय निधी निघाला. संस्था म्हणवते खासगी, पैसा येतो तिथल्या संसदेकडून. ब्रिटनने १९९२ ला वेस्टमिन्स्टर फाउंडेशन काढलं. २००५ ला संयुक्त राष्ट्रसंघाने लोकशाही निधी सुरू केला, त्यात भारत पहिल्या देणगीदारांत होता. सुरुवातीलाच एक कोटी डॉलर देऊ केले. आपण फक्त घेणारे नाही, देणारेही आहोत, हे ठणकावून सांगायला हवं.

घेण्यावर मात्र आपल्याकडे कडक कुलूप आहे. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा आला १९७६ ला, म्हणजे ऐन आणीबाणीत. पुढे २०१० ला नवा आला. राजकीय पक्षाने, उमेदवाराने, आमदार-खासदाराने परदेशी पैसा घ्यायचा नाही. हे तत्त्व मला पटतं. पुस्तक कुठूनही येऊ दे, प्रचाराचा पैसा आपल्याच घरातला असावा.

तरी परदेशी पैशाने काही चांगली कामंही झाली. फोर्ड फाउंडेशनने अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं कार्यालय १९५२ ला दिल्लीत उघडलं. आणि आपल्या नाशिकजवळ, देवळालीला, मिनू मसानी यांनी लेस्ली साहनी यांच्या नावाने 'लोकशाहीसाठी प्रशिक्षण' असं सरळ नाव घेऊन उपक्रम चालवला. साहनी म्हणजे जे. आर. डी. टाटांचे मेहुणे. तरुणांनी यायचं, राहायचं, वाद घालायला शिकायचं.

कारखान्याच्या पाटीमागचा 'एम'

निघोज्याची आजची ओळख म्हणजे महिंद्राचा कारखाना. या कंपनीचं पहिलं नाव ठाऊक आहे? महिंद्रा अँड मोहम्मद! १९४५ ला सुरू झाली तेव्हा महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि मग गव्हर्नर जनरल. १९४८ ला इकडे कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अक्षरं तीच राहिली.

पुढची गोष्ट गमतीची नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये याच गुलाम मोहम्मद यांनी पाकिस्तानची घटना समिती बरखास्त केली. सात वर्षं घटना लिहायचं चाललं होतं, एका हुकमाने बंद. आपली घटना तेव्हा लागू होऊन चार वर्षं झाली होती आणि एक निवडणूकही पार पडली होती. एकाच कंपनीच्या पाटीवर शेजारी शेजारी असलेली दोन नावं, आणि दोन देशांच्या एवढ्या वेगळ्या वाटा. निघोज्याच्या गेटसमोरून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

इकडे महिंद्रांनी १९५३ ला के. सी. महिंद्रा शिक्षण ट्रस्ट काढला. मुलींना शाळेत टिकवणारी 'नन्ही कली' योजना त्याच ट्रस्टची, १९९६ पासून. मुलगी दहावीपर्यंत शिकली की ग्रामसभेत उभी राहून बोलते. लोकशाहीचं काम याहून वेगळं काय असतं?

दोन टक्क्यांत काय बसतं

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्चायला लावली. आपण तिला सीएसआर म्हणतो. या पट्ट्यातल्या शाळांची स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या, संगणक कितीदा त्यातूनच येतात. खर्चाला परवानगी असलेल्या कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, खेळ, वारसा, ग्रामविकास. 'लोकशाही' हा शब्द मात्र यादीत नाही. राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरायचा नाही, असंही नियमात स्पष्ट लिहिलंय. ते योग्यच.

पण शिक्षणाच्या नि ग्रामविकासाच्या खात्यात ग्रामसभेचं प्रशिक्षण बसवायला कोण अडवतं? टाकी बांधून देता, तर टाकीचा हिशेब विचारायचा कसा, तेही दोन दिवस शिकवा. अशी मागणी इथल्या सरपंचांनी कंपन्यांकडे करावी असं मला फार वाटतं.

पक्षांना पैसा द्यायचाच असेल तर वेगळी वाट आहे, निवडणूक ट्रस्ट. टाटांनी असा ट्रस्ट १९९६ लाच काढला होता. पुढे २०१३ ला सरकारने नियमावली केली : वर्षभरात आलेल्या पैशांतले किमान ९५ टक्के वाटायचे आणि कुणाला किती दिले ते सांगायचं.

आंबेठाणचा माणूस

निघोज्याहून चाकण, चाकणहून आंबेठाण. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी इथे कोरडवाहू जमीन घेऊन राहिले. कांद्याच्या भावावरून चाकणला आंदोलन पेटलं आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. जानेवारी १९८० मध्ये वांद्रे ते चाकण ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला, रस्त्यासाठी. हे वांद्रे मुंबईचं नव्हे, खेड तालुक्यातलं.

ही काही फाउंडेशनची गोष्ट नाही. देणगीदार नव्हता, कांदा उत्पादकच होते. तरी सांगतो, कारण संघटनेच्या १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाने पंचायतीच्या निवडणुका बायकांनीच लढवायच्या, सगळ्या जागा, असा निर्धार केला. १९८९ ला जळगावातलं विटनेर, यवतमाळातलं मेटीखेडा अशा गावांत पूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या. आरक्षण नसताना! राज्याने ३० टक्के जागा ठेवल्या त्या १९९० ला, देशाने एक तृतीयांश ठेवल्या १९९३ ला, आणि महाराष्ट्रात निम्म्या झाल्या २०११ ला. कायदा मागून आला, बाया पुढे होत्या.

भरभर आणखी थोडं

उमेदवारावर खटले किती, मालमत्ता किती हे आज फलकावर वाचायला मिळतं ते १९९९ ला अहमदाबादच्या प्राध्यापकांनी काढलेल्या संस्थेमुळे. त्यांनी सुरू केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ ला निकाल दिला आणि २००३ ला त्यावर शिक्का मारला. मुंबईचं प्रजा फाउंडेशन १९९७ पासून आहे. आमदार-नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढतं. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचं महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ चं. इथल्या लेखकांना आणि कार्यकर्त्यांना त्यांचे पुरस्कार मिळतात. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात देशाच्या आधी आला. त्याच अधिकाराने जमिनींचे व्यवहार उघडे करणाऱ्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात खून झाला. निघोज्यापासून तळेगाव दूर नाही. त्यांचं नाव या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितलं पाहिजे.

आता तुझं नाव

म्हणून सकाळी साडेसहाच्या त्या गर्दीतल्या भावाला आणि बहिणीला एवढंच सांगायचंय. ग्रामसभेचा सभासद कोण? गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो. नाव गावाकडं असेल तर इथल्या ग्रामसभेत तू पाहुणा. ग्रामसभा वर्षाला किमान चार होतात, त्याआधी महिलांची वेगळी भरते, आणि गणपूर्तीला शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते, पुरतात. तुमच्या एका चाळीत त्याहून जास्त माणसं राहत असतील.

इथं कायमचं राहणं ठरलं असेल तर नाव हलवता येतं. फॉर्म आठ भरायचा. भाड्याच्या खोलीचा नोंदणीकृत करार पुरावा म्हणून चालतो. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म सहा. नाव एकाच ठिकाणी ठेवायचं, दोन्हीकडे नाही. मतदानाच्या दिवशी कंपनीने पगारी सुटी द्यायची, हा कायदा १९९६ पासून आहे. आणि तहसीलचं काम अडलं तर राजगुरुनगरला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो, अर्ज घेऊन जा.

कुठे अडलं तर फोन लाव. मतदार मदतीचा क्रमांक १९५०.